वीर्यकांडी सांभाळावी कशी?

कृत्रिम रेतन करूनही गाय गाभण न राहता वारंवार उलटू लागली, म्हणजे पुन्हा माजावर येऊ लागली, की आपल्या निपाणी-चिकोडी भागात आधी गाईला दोष दिला जातो, मग वळूला; गोठवलेल्या वीर्याची कांडी (बारीक नळी) द्रवरूप नायट्रोजनच्या ज्या कंटेनरमध्ये होती त्याच्याकडे क्वचितच कोणी पाहते. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि कांडी त्यात बुडालेली असेपर्यंत शुक्राणू वर्षानुवर्षे टिकतात. मात्र ती उणे १३० अंशांच्या वर गेली की आतील बर्फाचे बारीक कण वाढू लागतात, शुक्राणूंची आवरणे फाटतात, आणि कांडी पुन्हा बुडवली तरी झालेले नुकसान भरून येत नाही. बाहेरून ती जशीच्या तशी दिसते, हीच खरी अडचण आहे.

म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून पातळी मोजावी. लाकडी पट्टी तळापर्यंत सोडून दहा-पंधरा सेकंद धरावी आणि बाहेर काढून हवेत हलवावी. जिथपर्यंत पांढरे हिव धरते, तितका नायट्रोजन शिल्लक आहे. पोकळ नळी कधीही वापरू नये, कारण तिच्यातून नायट्रोजन उसळून तोंडावर येतो. हातमोजे घालावेत आणि कंटेनरची खोली हवेशीर असावी. खानापूरकडच्या पावसात ओल्या फरशीने कंटेनरचा तळ गंजतो, तेव्हा तो लाकडी फळीवर ठेवावा. अथणीकडच्या उन्हाळ्यात सावली महत्त्वाची. कंटेनरच्या अंगावर बाहेरून हिव दिसू लागले, तर आतील निर्वात पोकळी निकामी झाली असे समजून कांड्या ताबडतोब दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवाव्यात. मोटारसायकलवरून नेताना खड्ड्यांच्या हादऱ्यांनीही ही पोकळी निकामी होते.

सर्वाधिक कांड्या बिघडतात त्या शोधाशोधीत. कोणत्या वळूची कांडी कोणत्या कॅनिस्टरमध्ये (कंटेनरमधील कांड्या ठेवायच्या उभ्या डब्यात) आहे, हे झाकणावर चिकटवून ठेवावे. कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या काठाखालीच धरावा, हात नव्हे तर चिमटा वापरावा, आणि पाच-सात सेकंदांत कांडी सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडून पुन्हा प्रयत्न करावा.

गाय माजावर असल्याची खात्री झाल्यावरच कांडी काढावी. ती ३७ अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद ठेवावी. पाणी थर्मामीटरने मोजावे, बोट बुडवून अंदाज करू नये. नंतर ती कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कांडीचे कापसाच्या बोळ्याचे टोक रेतनाच्या गनच्या दांड्याकडे ठेवून दुसरे टोक काटकोनात कापावे आणि काही मिनिटांतच रेतन उरकावे. ऐनवेळी रेतन रद्द झाले, तर वितळवलेली कांडी टाकून द्यावी. ती कंटेनरमध्ये परत ठेवू नये.