घरची मांजर अनपेक्षितपणे गाभण राहिली तर

पाळीव मांजर गाभण असल्याचे लक्षात आल्यावर बहुतेक घरांत पहिला प्रश्न पडतो तो हे झाले कधी, असा. मांजर चार-पाच महिन्यांच्या वयातच माजावर येऊ शकते आणि आपल्याकडच्या उष्ण हवामानात हा माज जवळजवळ वर्षभर पुन्हा पुन्हा येत राहतो. नेरूळ किंवा वाशीच्या तळमजल्यावरील घराची एक उघडी खिडकी आणि आवारात फिरणारा एखादा बोका एवढे त्यासाठी पुरेसे असते. त्यामुळे "अजून लहान आहे, नसबंदी पुढच्या वर्षी करू" असे ठरवलेल्या घरांतच हा प्रसंग अधिक येतो. तसे झाले असेल तर मांजरीवर किंवा घरातल्या कोणावर रागावण्यापेक्षा लगेच दिवस मोजायला घेणे अधिक उपयोगाचे आहे.

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. ती बाहेर राहिल्याची तारीख आठवत असेल तर तेथून मोजावे. आठवत नसेल तर सडांकडे पाहावे, कारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गुलाबी होऊन किंचित फुगतात आणि पोट मात्र पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागते. पोट दाबून पिल्ले चाचपण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये. पशुवैद्य तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सोनोग्राफीने खात्री करून देऊ शकतात, आणि ४५ दिवसांनंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये पिल्लांची हाडे दिसत असल्याने ती नेमकी किती आहेत हेही कळते. हा आकडा माझ्या मते फार मोलाचा आहे, कारण प्रसूतीच्या रात्री सर्व पिल्ले बाहेर आली की एखादे आत अडकले आहे, हे त्यावरूनच ठरवता येते.

पहिल्याच भेटीत आणखी एक गोष्ट मोकळेपणाने विचारावी. मांजर स्वतःच अगदी लहान किंवा अशक्त असेल, अथवा पिल्लांसाठी घरे मिळण्याची शक्यता नसेल, तर गर्भावस्थेतही नसबंदीची शस्त्रक्रिया करता येते. मात्र हा निर्णय जितका लवकर घेतला जाईल तितका मांजरीला त्रास कमी होतो. गर्भ ठेवायचा ठरल्यास डॉक्टरांना न विचारता जंताचे औषध, लस किंवा पिसवांचे औषध देऊ नये. कुत्र्यांच्या काही पिसवानाशकांत असलेले पर्मेथ्रिन तर मांजरीच्या जिवावर बेतू शकते.

आहाराचे सूत्र सोपे आहे. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारे खाद्य गाभण मांजरीला द्यावे, कारण त्यात प्रथिने आणि ऊर्जा अधिक असते. शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा उरत नसल्याने ते थोडे थोडे करून दिवसातून चार-पाच वेळा वाढावे. घरचे अन्न देत असल्यास उकडलेली कोंबडी आणि काटे काढलेली मासळी चालते, पण कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात चालत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, कारण त्यांनी शरीराची कॅल्शियम नियंत्रित करण्याची क्षमता बिघडते आणि पिल्ले दूध पिऊ लागल्यावर झटके येण्याचा धोका वाढतो. घरात कोणी गर्भवती स्त्री असेल तर मांजरीची विष्ठेची पेटी दुसऱ्याने साफ करावी आणि ती रोज साफ व्हावी.

प्रसूतीच्या दोन आठवडे आधी बाळंतघराची सोय करावी. पुठ्ठ्याचे मोठे खोके आणि त्यात धुतलेल्या जुन्या सुती साड्या पुरतात. पावसाळ्यात ओल येणारी भिंत, थेट पंख्याखालची जागा आणि एसीचा झोत टाळावा, कारण नवजात पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. एवढे करूनही तिने कपाटाचा खालचा कप्पा निवडला, तर तिच्या निवडीपुढे आपण माघार घ्यावी. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे जुनी माणसे म्हणतात. पिल्लांना वारंवार हाताळले किंवा पाहुण्यांची वर्दळ ठेवली की ती जागा बदलते, हे मात्र नक्की.

प्रसूतीच्या सुमारास मांजर खाणे सोडते, येरझाऱ्या घालते, आणि तिच्या शरीराचे तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरते. त्यानंतर बहुधा २४ तासांत ती विते. बहुतेक मांजरी हे सारे स्वतः पार पाडतात. पिशवी फाडणे, नाळ तोडणे, वार खाणे हे त्यांचेच काम आहे आणि आपण शांतपणे दुरून पाहावे. पिल्लू बाहेर येऊनही तिने तोंडावरची पिशवी काढली नाही, तरच ती हाताने काढून मऊ कपड्याने पिल्लाला चोळावे.

मात्र जोरदार कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, पिल्लू दिसत असूनही दहा मिनिटे अडकून राहिले, ताजे रक्त सतत वाहू लागले किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला, तर सकाळची वाट पाहू नये आणि पिल्लाला ओढू नये. दोन पिल्लांमध्ये मांजर शांतपणे विसावते, तेव्हा घाबरण्याचे कारण नसते. तरीही दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि एक्स-रेमधील संख्या पूर्ण झाली नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा. घोडबंदर रोडवरील गर्दी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लांबच्या नावाजलेल्या दवाखान्यापेक्षा घराजवळ रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून, फोन करून खात्री करून ठेवावी आणि पिंजराही दाराशी तयार ठेवावा.

नंतरच्या दिवसांत स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पिल्लांचे वजन रोज करावे. जन्मतः ते साधारण १०० ग्रॅम असते आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवे. ज्याचे वाढत नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आईला थरथर सुटणे, चाल ताठ होणे किंवा एखादे सड गरम व कडक होणे हीसुद्धा तातडीने दाखवण्याची लक्षणे आहेत. पिल्ले चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न खाऊ लागतात, पण आठ आठवड्यांपूर्वी ती कोणालाही देऊ नयेत.

पिल्लांना पाजत असतानाही मांजर पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणून पिल्ले दूध सोडून आईचे दूध आटेपर्यंत खिडक्यांना जाळी लावून तिला घरातच ठेवावे, नसबंदीची तारीख त्याच सुमारास ठरवावी, आणि पिल्ले घरीच राहणार असतील तर चार महिन्यांच्या वयात त्यांच्याही नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण सख्खी भावंडेही वयात आल्यावर एकत्र येतात.