मुखवट्यामागचा माणूस हरवू नये : कल्पनारम्य वेबकॉमिक काढताना या चुका टाळा

कल्पनारम्य वेबकॉमिकमधले मुखवटाधारी पात्र पहिल्या भागात वाचकाला खेचून घेते आणि पाचव्या-सहाव्या भागापर्यंत तेच सर्वांत निर्जीव वाटू लागते, ही तक्रार भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या नव्या चित्रकारांच्या कामाबाबत वारंवार ऐकू येते. दोष बहुधा रेषेत नसतो. मुखवटा कसा दिसेल हे आधी ठरते, पण तो कोणापासून काय लपवतो हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका या एकाच घोटाळ्यातून निघतात.

समजण्यापुरती एक कल्पित कथा घेऊ. एका माजी मालगुजारी तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळात बांधलेल्या गावतलावाची, राखण एक मुखवटाधारी स्त्री करते. तिला राखणदारीण म्हणू. मुखवटा पिढ्यानपिढ्या एकीकडून दुसरीकडे जातो, तो चढवला की पाण्यातली जुनी शक्ती तिचे ऐकते, आणि ती कोणाची कोण हे गावाला ठाऊक नाही. कल्पना चांगली आहे. ती मोडते ती पुढच्या ठिकाणी.

गावाला आंधळे समजणे

शहरातल्या गर्दीत चेहरा झाकला की माणूस लपतो, हे गृहीतक खेड्यात नेले की कथा पहिल्याच चौकात अडते. आपल्याकडे अंधारात पांदणीने येणारा माणूस चालीवरून, खोकल्यावरून, फार तर चपलेच्या आवाजावरून ओळखला जातो, आणि बैलजोडी कोणाची हे घुंगुरमाळेवरून कळते. अशा गावात राखणदारीण निव्वळ लाकडी मुखवटा चढवून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहिली आणि कोणी ओळखले नाही, असे दाखवले की वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. त्यावर जादूचे ठिगळ लावणे हा सर्वांत दुबळा उपाय आहे, कारण मग कुत्र्याने का ओळखले नाही याचेही उत्तर जादूलाच द्यावे लागते.

बहुरूप्याकडे पाहावे. तो पोलिसाचे सोंग घेऊन दारात दरडावतो तेव्हा घरातले सगळे घाबरल्याचे दाखवतात, पोरे मात्र खरोखर घाबरतात, आणि शेवटी त्याच्या झोळीत धान्य पडते. मोठ्यांपैकी कोणीही फसलेले नसते. तरीही सोंग वठते, कारण दोन्ही बाजूंनी ते मान्य केलेले असते. म्हणून राखणदारिणीसाठी कागदावर तीन गट करावेत : ज्यांना खरोखर माहीत नाही ते, ज्यांना संशय आहे ते, आणि ज्यांना माहीत असून जे बोलत नाहीत ते. कथेचा जीव या तिसऱ्या गटात असतो. सून रात्री कुठे जाते हे न विचारता तिच्या वाटचा भात ताटलीखाली झाकून ठेवणारी आणि पहाटे दाराची कडी आवाज न करता काढणारी सासू एका चौकटीत दाखवली, तर ‘हिला कोणी ओळखत कसे नाही’ हा प्रश्न मिटतो आणि ‘ही बोलत का नाही’ हा अधिक चांगला प्रश्न उभा राहतो.

मुखवट्याच्या भुवया हलवणे

भाव दाखवायची सोय राहिली नाही म्हणून रागाच्या चौकटीत मुखवट्याच्या भुवया वर चढवणे आणि दुःखाच्या चौकटीत ओठ खाली ओढणे ही सवय फार पसरली आहे. मुखवटा जिवंत आहे असे कथेत सांगितले नसेल, तर ही सरळ चूक आहे, कारण मग त्याला रंगवलेली कातडी म्हणावे लागेल. जपानच्या नो नाट्यपरंपरेत कोरलेल्या लाकडी मुखवट्याची एकही रेघ हलत नाही. नट तो किंचित वर उचलतो तेव्हा त्यावर उजेड पडून चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि खाली झुकवतो तेव्हा सावली पडून तो काळवंडतो.

याचा पुरावा विदर्भातल्या घराघरांत आहे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे वर्षभर कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेले असतात. कित्येक घरांत ते आजेसासूच्या वेळचे असतात आणि त्यांवरचा रंग दरवर्षी बदलत नाही. तरीही नैवेद्य दाखवल्यावर ‘आज चेहरे कसे खुलले’ असे बायका म्हणतात, आणि निरोपाच्या दिवशी त्याच चेहऱ्यांकडे पाहून ते उतरल्यासारखे वाटतात. समईचा प्रकाश कुठून येतो, पदर कसा बसला आहे, समोर उभे असलेल्यांच्या मनात काय आहे, यांवर ते दिसणे ठरते. चित्रकाराने नेमके हेच करावे : मुखवटा जसाच्या तसा ठेवावा आणि मानेचा कोन, उजेडाची दिशा, हातांची बोटे व समोरच्या पात्राचा चेहरा बदलावा. सोय म्हणून मुखवटा संगणकावर वेगळ्या लेयरवर काढून ठेवावा. तो समोरून, बाजूने, वरून आणि खालून असा चार कोनांतून एकदा नीट काढला की प्रत्येक भागात त्याचा आकार बदलत नाही.

‘मुखवट्याने करवले’ ही पळवाट

ओळखीचा खरा पेच इथे आहे, आणि बहुतेक कथा इथेच घाबरतात. समजा, मुखवटा चढवलेल्या राखणदारिणीने रागाच्या भरात तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडले आणि खालच्या शेजाऱ्याच्या बांध्यांतले, म्हणजे भातखाचरांतले, नुकतेच रोवलेले धान वाहून गेले. पुढच्या भागात ती मुखवटा काढते, डोळे पुसते आणि ते कृत्य मुखवट्यातल्या शक्तीचे होते असे सांगून कथा तिला मोकळी करते. त्या क्षणी पात्राची ओळखच संपते, कारण जे केले ते तिचे नाही आणि जे तिचे आहे त्याला काही वजन नाही.

यावरची दुरुस्ती लेखनाची आहे, चित्राची नाही. मुखवट्याखाली घडलेले तिला आठवते की नाही हे आधी ठरवावे आणि मग एकदाही बदलू नये. आठवत असेल, तर तिला मुखवट्याशिवाय, इतर बायकांच्या रांगेत, त्याच शेजाऱ्याच्या बांधीत पुन्हा रोवणीला जावे लागेल आणि चिखलात वाकलेल्या स्थितीत त्याच्या शिव्या ऐकाव्या लागतील. त्या शिव्या तो राखणदारिणीला देत असेल आणि मजुरी मात्र हिच्या हातावर ठेवत असेल. आठवत नसेल, तर तिच्या पायांना लागलेल्या पाळीच्या मातीवरून तिला ते कळू द्यावे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, राणीची भूमिका करणारा गावातलाच कोणाचा तरी मुलगा आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते आणि तरी राणीच्या दुःखाने ते रडतात. माणूस आणि सोंग एकाच वेळी खरे असू शकतात, एकाने दुसऱ्याला पुसण्याची गरज नसते.

फुकटचा मुखवटा

वैशाखात लाकडी मुखवटा घालून धावणाऱ्या पात्राला घाम येत नाही, बाजूचे दिसणे कमी होत नाही, कानामागे दोरीचा वळ उठत नाही, हे खटकते. व्हेनिसमध्ये मोरेत्ता नावाचा काळा लंबगोल मुखवटा स्त्रिया वापरत, आणि तो आतले बटण दातांत धरून चेहऱ्यावर टिकवावा लागत असल्यामुळे घालणारीला बोलता येत नसे. असा एखादा कठोर नियम कथेला पुष्कळ काही देतो. सुंदरबनात १९८०च्या दशकात डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधण्याचा प्रयोग झाला, कारण वाघ बहुधा पाठीमागून हल्ला करतो. ताडोबालगतच्या वाचकाला हे वेगळे समजावावे लागणार नाही. सुंदरबनातल्या त्या प्रयोगात मुखवटा घालणाऱ्याला काहीच बदलत नाही, पाहणाऱ्याला बदलतो.

लहान पडद्यावरची गफलत

आपला वाचक मोबाइलवर, बऱ्याचदा उन्हात, बोटाने वर सरकवत वाचतो. दोन मुखवटाधारी पात्रे असतील तर त्यांची चित्रे काळी भरून अंगठ्याएवढी करून पाहावीत. वेगळी ओळखू आली नाहीत तर मुखवट्याची नक्षी वाढवून उपयोग नाही, खांद्याची ठेवण, उंची किंवा पदर बदलावा. तोंड दिसत नसल्याने संवादाच्या फुग्याची शेपटी न चुकता बोलणाऱ्याकडेच वळवावी. राखणदारीण मुखवट्यात पुस्तकी मराठी आणि घरी झाडीबोली बोलत असेल, तर तो भेद प्रत्येक भागात पाळावा. एका फुग्यात घसरला तर चूक दिसते, संकटाच्या वेळी मुद्दाम घसरू दिला तर कोणीतरी तिला ओळखते.

परक्याची पवित्र वस्तू उचलणे

राजगोंड आदिवासींच्या दिवाळीतल्या गुसाडीचा, म्हणजे सोंग घेऊन नाचणाऱ्याचा, मोरपिसांचा मुकुट दिसायला भव्य आहे, म्हणून तो खलनायकाच्या डोक्यावर चढवू नये. तो पोशाख नाही, त्यामागे देव आणि पाळणूक आहे. स्वतःचा आकार घडवावा.

भाग प्रसिद्ध झाल्यावर चूक लक्षात आली तर

जुने भाग पुन्हा काढायला बसू नये. वाचकांनी ते पाहिलेले असतात आणि बदल केला की ते चिडतात. त्याऐवजी आधीच्या चौकटी उघडून पार्श्वभूमीत सहज काढलेली माणसे शोधावीत. पाळीवर बकऱ्या राखणारा पोरगा, तळ्याच्या कडेला शिंगाडे काढणारी बाई, अशी कोणी ना कोणी त्या वेळी तिथे असतेच. त्यांपैकी एकाला तिसऱ्या गटात घालावे आणि पुढच्या भागात त्याने तोंड उघडावे की नाही, एवढेच ठरवावे.