एपिथेलियमची स्लाइड बघताना या चुका टाळा

सोलापुरात फर्स्ट इयरच्या पोरांचं हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाचं, प्रॅक्टिकल घेतो, आणि दरवर्षी नवी बॅच त्याच जुन्या चुका घेऊन येते. एपिथेलियम म्हणजे शाळेतली आपली अभिस्तर ऊती, अवयवांवरचं नि आतल्या पोकळ्यांचं पेशींचं अस्तर, ती नववीत झालीये म्हणून पोरं सोपी समजून उरकतात आणि मग वर्षभर अडखळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केंद्रकांच्या रांगा मोजून थर ठरवणं. श्वासनलिकेची (ट्रॅकियाची) स्लाइड लावली, केंद्रकं वरखाली दिसली की लगेच 'स्ट्रॅटिफाइड', म्हणजे अनेक थरांचं, लिहून मोकळे. अरे, तिथली प्रत्येक पेशी खाली बेसमेंट मेंब्रेनला, म्हणजे तळाच्या पातळ पडद्याला, टेकलेली असते, फक्त सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते स्यूडोस्ट्रॅटिफाइड, नुसतं थरांचा भास देणारं. जानेवारीत आमच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत लांबून बघा, उंच-बुटक्या डोक्यांच्या तीन-चार रांगा वाटतील, पण पाय सगळ्यांचे जमिनीवरच.

एकदा लहान आतड्याच्या स्लाइडवरून एक पोरगा माझ्याशी दहा मिनिटं भांडला. "सर, चार थर आहेत, तुम्हीच मोजा की." मी बघितलं तर खरंच चार दिसत होते! मग स्लाइड जराशी सरकवली, शेजारच्याच व्हिलसवर (आतड्याच्या आतल्या बोटासारख्या उंचवट्यावर) उभ्या पेशींची एकच सरळ रांग. आधीच्या जागी काप तिरका गेला होता, त्यामुळे एकाच रांगेतली केंद्रकं एकावर एक रचल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून माझी सवय अशी, की पाच जागा बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, आणि जिथे पेशी तळापासून टोकापर्यंत अख्खी दिसते तीच जागा खरी मानायची. तसंही स्ट्रॅटिफाइड कॉलम्नर, म्हणजे वर उभ्या पेशी असलेलं अनेक थरांचं, शरीरात फार थोड्या ठिकाणी असतं, मोठ्या ग्रंथींच्या नळ्यांत वगैरे, ते लिहिण्याआधी थांबा जरा.

नाव वरच्या थरावरून पडतं. अन्ननलिकेत तळाला घनाकार पेशी दिसल्या तरी वरच्या चपट्या आहेत ना, मग ते स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस (स्क्वेमस म्हणजे चपट्या पेशींचं).

एपिथेलियमच्या आत रक्तवाहिन्या काढू नका, पोषण खालच्या कनेक्टिव्ह टिशूतून, म्हणजे संयोजी ऊतीतून, झिरपत येतं.

जठरात गॉब्लेट सेल, म्हणजे चिकट स्राव सोडणाऱ्या पेल्यासारख्या पेशी, काढू नका. त्या आतड्यात.

सिलिया आणि मायक्रोव्हिलाय, पेशीच्या टोकावरचे हे दोन वेगळे केसासारखे भाग, एकच समजणं, याचा मला फार राग येतो. आपल्याकडचा टर्किश टॉवेल हातात घ्या, त्याचे बारके लूप कशासाठी, तर पृष्ठभाग वाढून पाणी जास्त टिपावं म्हणून, मायक्रोव्हिलाय नेमकं तेच करतात. लांबी जेमतेम १ मायक्रॉन, त्यामुळे आपल्या मायक्रोस्कोपखाली नुसता गुलाबी पट्टा दिसतो, तो ब्रश बॉर्डर. सिलिया ५ ते १० मायक्रॉन, हलतात, श्वासनलिकेतला कफ वर ढकलतात. एपिडिडिमिसमधले (वृषणाला लागून असलेल्या शुक्राणूंच्या नळीतले) स्टिरिओसिलिया नावालाच सिलिया, ते लांब मायक्रोव्हिलायच आहेत, हलत नाहीत.

आणि ते मोबाइलवर फोटो काढून पाठ करणं बंद करा. 'कोपऱ्यात बबल आहे ती ट्रॅकिया' असं पाठ करणारी पोरं मी बघितलीत, परीक्षेत स्लाइडचा बॉक्स बदलला की बसतात हातावर हात ठेवून.

मूत्राशयाच्या ट्रान्झिशनल एपिथेलियमला तर हा शॉर्टकट अजिबात चालत नाही, कारण मूत्राशय रिकामं असताना ते जाड दिसतं आणि ताणलं की थर कमी वाटतात, पेशी चपट्या होतात. तिथे सगळ्यात वरच्या घुमटासारख्या फुगीर पेशी शोधा, काहींत दोन केंद्रकं सापडतील. त्या दिसल्या की मगच वहीत नाव लिहा.