अनइन्स्टॉल होऊ न देणारं अ‍ॅप

बहिणीच्या अँड्रॉइड फोनवर काहीही उघडलेलं नसताना स्क्रीनभर जाहिराती यायच्या. अ‍ॅप्सच्या यादीत एक अनोळखी ‘क्लीनर’ (फोन साफ करतो म्हणणारं अ‍ॅप) दिसला, पण तो काढायला गेलं की सेटिंग्जच बंद व्हायची.

शेवटी फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. पॉवर बटण दाबून धरायचं आणि स्क्रीनवरच्या ‘पॉवर ऑफ’वर बोट तसंच ठेवायचं (काही फोनमध्ये पद्धत वेगळी असते). या मोडमध्ये आपण नंतर टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे त्याला आडवं येता आलं नाही. तरी अनइन्स्टॉलचं बटण फिकटच! त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा (फोनवर जादा नियंत्रण देणारा) हक्क घेऊन ठेवला होता. तो काढला, अ‍ॅक्सेसिबिलिटीची (मुळात अपंगांच्या मदतीसाठी असलेली) परवानगीही काढली, मग गेलं निमूट. मला ही अ‍ॅक्सेसिबिलिटीच सगळ्यात धोक्याची वाटते. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं, आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. जाहिराती त्यामानाने किरकोळ.

मग प्ले प्रोटेक्टने (गूगलच्या अ‍ॅप तपासणाऱ्या सोयीने) स्कॅन केलं, ब्राउझरला दिलेली अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करायची परवानगी बंद केली. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदलला. फॅक्टरी रीसेटची, म्हणजे सगळा फोन पुसून नव्यासारखा करायची, वेळ आली नाही.