विशेष गरजा असलेल्या तरुणांचे सेवा-मिशन: तयारी कशी करावी

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चमधील तरुण-तरुणी दीड-दोन वर्षे घराबाहेर राहून धर्मप्रसार करतात, हे अनेकांना ठाऊक असते. स्वमग्नता, डाउन सिंड्रोम किंवा दीर्घकालीन आजार असलेल्या तरुणांना घरीच राहून सेवा-मिशन, म्हणजे धर्मप्रसाराऐवजी सेवाकामाचे मिशन, करता येते, हे मात्र बऱ्याच पालकांना उशिरा कळते. हे मिशन कमी प्रतीचे मुळीच नाही. २०१९ च्या आरंभापासून दोन्ही प्रकारच्या मिशनसाठी अर्जाची पद्धत एकच असून सेवा-मिशनरीलाही छातीवर नावाचा बिल्ला लावायला मिळतो.

पहिले बोलणे तरुणाशीच करावे. त्याला काय आवडते, कशाने तो थकतो आणि कोणत्या आवाजाने बेचैन होतो, याची नोंद ठेवून मगच बिशपांना, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, भेटावे. अर्जातील वैद्यकीय व मानसिक आरोग्याची माहिती मोकळेपणाने भरावी, कारण पालकांनी संकोचाने जे लपवले, त्याचा त्रास पुढे मुलालाच होतो. खर्चाचाही आधीच विचार करावा; राहण्याजेवण्याचा आणि येण्याजाण्याचा भार कुटुंबावरच असतो.

खरी मेहनत काम जुळवण्यात आहे. चर्चचे मंदिर, चर्चचे गरजूंसाठीचे धान्यभांडार, वंशावळीच्या नोंदी किंवा गावातील एखादी धर्मादाय संस्था, अशा ठिकाणांतून निवड करता येते. धान्यभांडारात ‘फळी नीट लाव’ एवढे सांगून भागत नाही. जुन्या तारखेचे डबे पुढे आणि नव्या तारखेचे मागे, ही कृती चित्रांच्या तीन-चार कार्डांवर मांडली आणि पहिले काही दिवस एकच व्यक्ती शेजारी उभी राहिली, तर जो तरुण एरवी गोंधळला असता तोच पुढे न सांगता काम उरकू लागतो. आरंभी आठवड्यातून दोन सकाळी पुरेशा मानाव्यात आणि तास हळूहळू वाढवावेत. विसाव्यासाठी शांत कोपरा कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे. मदतनीसाने त्याच्या हातातले काम काढून घेऊ नये. उशीर झाला तरी चालेल, पण ते त्याचेच राहावे.

महिनाभराने सेवा-मिशनच्या प्रमुखांसमवेत बसावे आणि या बैठकीत तरुणाला आधी बोलू द्यावे. बोलता येत नसेल, तर त्याने चित्रांवर बोट ठेवून सांगावे. एखादी जागा मानवत नसेल, तर मिशन न थांबवता जागा बदलून मागावी.