अमेरिकेत बँकरप्सी (दिवाळखोरी) केली तरी घर का जातं? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डिस्चार्ज, म्हणजे कोर्टाची कर्जमाफी, या शब्दावरून. लोकांना वाटतं चॅप्टर ७, म्हणजे थेट कर्जमाफीची बँकरप्सी, केली, कोर्टाचा कागद आला, म्हणजे मॉर्टगेजपण (घराचं कर्जपण) मिटलं. तसं नाहीये हो. डिस्चार्जने तुमची वैयक्तिक जबाबदारी जाते, म्हणजे लेंडर त्या कर्जासाठी तुमच्या पगाराला हात लावू शकत नाही, पण घरावरचा बोजा, ज्याला इथे लीन म्हणतात, तो तसाच राहतो आणि हप्ते थकले की घर लिलावात जाऊ शकतं. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी डिस्चार्जचा कागद देवघरात नेऊन ठेवला आणि त्या महिन्यापासून हप्ता बंद केला, सहा-सात महिन्यांनी दाराला फोरक्लोजरची, म्हणजे घर जप्त करून विकण्याची, नोटीस चिकटवलेली, आणि त्या तोच कागद हातात घेऊन विचारत होत्या की मग हे काय आहे? फार वाईट वाटलं, कारण आधी कोणी दोन मिनिटं समजावलं असतं तर हे टळलं असतं.

दुसरी चूक उशिराची. केस फाइल होताच ऑटोमॅटिक स्टे, म्हणजे वसुलीवर आपोआप येणारी स्थगिती, लागतो आणि लिलाव सहसा थांबतो, पण लिलाव होऊन गेला की थकबाकी भरून घर परत मिळवायचा रस्ता जवळजवळ बंद होतो. त्यात फाइल करायच्या आधीच्या १८० दिवसांत क्रेडिट काउन्सेलिंग (कर्जाबद्दलचं समुपदेशन) घ्यावं लागतं, ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. आणि घर ठेवायचंच असेल तर चॅप्टर १३, म्हणजे हप्त्या-हप्त्याने फेड करायच्या बँकरप्सीबद्दल नीट विचारा, त्यात थकलेले हप्ते ३ ते ५ वर्षांत फेडता येतात, मात्र चालू हप्ताही भरत राहावा लागतो. चॅप्टर ७ मध्ये बहुतेक वेळा फक्त थोडा वेळ मिळतो.

हप्ते भरायला ४०१(के), म्हणजे नोकरीतून साठवलेला निवृत्तीचा फंड, मोडणं, हे तर प्लीज करू नका. तो पैसा बँकरप्सीत सहसा सुरक्षित असतो, आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स आणि वर साधारण १० टक्के दंड.

भावाचे उसने पैसे आधी परत करू असंही खूप जणांना वाटतं, मन तसंच सांगतं, पण फाइल करायच्या आधीच्या एका वर्षात नातेवाइकाला दिलेले पैसे ट्रस्टी, म्हणजे केस सांभाळायला नेमलेला अधिकारी, त्याच्याकडून परत मागू शकतो, मग भावालाच त्रास.

नोटीस आली म्हणून लगेच घर सोडून जाऊ नका. लिलाव होईपर्यंत घर तुमच्याच नावावर असतं, आणि केसनंतरची सोसायटीची, म्हणजे एचओएची, वर्गणी तुमच्याच डोक्यावर चढत राहते.

बँकरप्सीत स्टुडंट लोन सहजासहजी माफ होत नाही, मुलांची पोटगी तर नाहीच.

नोटीस हातात असेल तर त्यावरची लिलावाची तारीख आधी शोधा आणि वकिलाला फोन लावला की पहिलं वाक्य तेच सांगा.