कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो: सीसीटीव्ही वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

पडद्यावरचं चित्र गेलं की कॅमेऱ्यालाच दोष देऊ नका. कॅमेरा काढून डीव्हीआरजवळ (चित्र रेकॉर्ड करणाऱ्या पेटीजवळ) आणा, दीड-दोन मीटरच्या चांगल्या केबलने आणि वेगळ्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरने जोडा. चित्र आलं तर कॅमेरा ठीक आहे, दोष वायरिंगमध्ये किंवा सप्लायमध्ये (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या डब्यात) आहे. नाही आलं तर हीच जोडणी डीव्हीआरच्या दुसऱ्या चॅनेलवर (इनपुटवर) करून पाहा: तिथे आलं तर पहिला चॅनेल खराब, नाहीतर कॅमेरा. दहा मिनिटांच्या या तपासणीने पुढचे कितीतरी तास वाचतात.

वायरिंगमधली सर्वात फसवी तक्रार म्हणजे दिवसा सुरळीत, अंधार पडला की चित्र गायब. अंधारात कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी (रात्री दिसावं म्हणून असलेले दिवे) पेटतात आणि कॅमेरा दुप्पट किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम असतो. कॅमेरा ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ५ ओहम. दिवसा ०.२ अँपियरला १ व्होल्ट गळतो, कॅमेऱ्याला ११ मिळतात, काम चालतं. रात्री ०.५ अँपियरला अडीच व्होल्ट गळतात, उरतात साडेनऊ. कॅमेरा बंद पडतो, लोड (करंटची ओढ) जाताच व्होल्टेज पुन्हा चढतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पेटतात, पुन्हा बंद. दिवस-रात्र बदलताना सरकणाऱ्या आतल्या फिल्टरची टिकटिक सतत ऐकू येत असेल तर हेच चक्र चाललेलं असतं.

म्हणून मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा जोडलेला असतानाच लावा आणि लाइट सेन्सर हाताने झाकून एलईडी पेटवा. मोकळ्या टोकावरचं रीडिंग निरुपयोगी आहे: गंजलेल्या जोडातूनही मीटरपुरते १२ व्होल्ट आरामात येतात. लोडखाली ११ पेक्षा कमी दिसले तर आता सप्लायच्या टर्मिनलवर मोजा. तिथेही कमी असतील तर सप्लाय अपुरा पडतोय. सगळ्या कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या करंटची बेरीज करा आणि त्यावर २५ टक्के राखीव धरून नवा घ्या. तिथे १२ असतील तर तार बारीक आहे किंवा जोड खराब आहे.

तार बारीक असेल तर ०.७५ चौरस मिलिमीटरची ओढा. त्याच अंतरावर, त्याच लोडला गळती पाऊण व्होल्टच्या आत येते. नवी ओढणं शक्य नसेल तर ३+१ केबलमधली (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची केबल) रिकामी तार दोन्ही टोकांना निगेटिव्हसोबत जोडा, एकूण रोध चौथ्या हिश्श्याने घटतो. तार चाकूने खरवडूनही पाहा. वर तांबूस, आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे: रोध दीडपटीहून जास्त, दोनदा वाकवली की तुटते. अशी तार पॉवरसाठी वापरूच नका.

सप्लायवरच्या स्क्रूने व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. फार तर १२.५ पर्यंत न्या, कारण जवळच्या कॅमेऱ्याला ते सगळंच्या सगळं मिळतं. डबा उघडण्याआधी मेन स्विच बंद करा.

पॉवर ठीक, तरी चित्र नाही? कोॲक्सची (चित्र नेणाऱ्या केबलची) दोन्ही टोकं सोडवून मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी यांच्यात रोध मोजा. मीटरने काहीच रीडिंग दाखवता कामा नये. दाखवलं तर बहुधा बीएनसीमध्ये (टोकाच्या कनेक्टरमध्ये) जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलाय. मग दूरचं टोक शॉर्ट करा: आता थोडेच ओहम यायला हवेत, नाहीतर तार कुठेतरी तुटली आहे. चित्र काळं-पांढरं किंवा फाटलेलं येत असेल तर आधी कॅमेऱ्याचा फॉरमॅट (व्हिडिओ सिग्नलचा प्रकार) डीव्हीआरशी जुळतो का ते पाहा.

चित्रावरून आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर कॅमेरा ब्रॅकेटवरून सोडवून हातात धरा. पट्टे गेले तर त्याची धातूची बॉडी लोखंडी खांबातून अर्थिंगला टेकतेय. मध्ये प्लॅस्टिकचा बॉक्स आणि प्लॅस्टिकचेच स्क्रू बसवा.

आयपी कॅमेऱ्याच्या (नेटवर्कवर चालणाऱ्या) आठ तारांच्या केबलमध्ये एक चूक साध्या टेस्टरला कधीच सापडत नाही. दोन्ही टोकांना रंग सारख्याच, पण मनमानी क्रमाने लावले तर आठही दिवे पेटतात, तरी चित्र अडखळतं, कारण ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच पिळाच्या जोडीवर नसतात. क्रम असा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ कनेक्टरजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

बाहेरचा प्रत्येक जोड बंद बॉक्समध्ये हवा. केबल बॉक्समध्ये खालून घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. एकदा पाणी शिरून जाळी हिरवी पडली की ती पुसून भागत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत केबल कापा आणि मगच नवा कनेक्टर लावा.